‘पर्स्युएशन’मधलं प्रेम, पैसा आणि घरच्यांचा नकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन ऑस्टेनच्या बाकी कादंबऱ्यांबद्दल लोक भरभरून बोलतात, पण ही शेवटची पूर्ण झालेली कादंबरी वाचली की सगळ्यांना साधारण तेच तेच प्रश्न पडतात. पैशाचा हिशोब कळत नाही, नायिकेला लग्न न करण्याचा सल्ला देणाऱ्या लेडी रसेलचा राग येतो, आणि नायिकेचा, म्हणजे अ‍ॅनचा, तर त्याहून जास्त येतो. मी ही कादंबरी इतक्या वेळा वाचली आहे की उत्तरं जरा लांबतात, चालवून घ्या. शेवटासकट सगळं सांगितलंय, त्यामुळे अजून वाचली नसेल तर आधी वाचून या.

गोष्ट दोन मिनिटांत सांगाल का?

१८०६ चा उन्हाळा, इंग्लंडमधलं सॉमरसेट. केलिंच हॉलच्या सर वॉल्टर एलियटची मधली मुलगी अ‍ॅन, वय १९. नौदलातला कमांडर फ्रेडरिक वेंटवर्थ सॅन डोमिंगोच्या लढाईनंतर बढती मिळूनही हाताला जहाज नाही म्हणून जवळच मंकफर्डला भावाकडे येऊन राहिलेला. दोघं प्रेमात पडतात, तो मागणी घालतो, ती हो म्हणते. घरचे नाराज. काही महिन्यांत ती दिलेला शब्द मागे घेते आणि तो दुखावून निघून जातो. आठ वर्षांनी, १८१४ मध्ये, तो श्रीमंत कॅप्टन होऊन परत येतो, ती २७ ची झालेली असते, चेहऱ्यावरचं तेज गेलेलं, आणि आता अपरक्रॉसच्या मस्ग्रोव्ह घराण्यातल्या हेन्रिएटा आणि लुइझा या दोन तरुण बहिणी त्याच्या मागे आहेत. इथून पुढे सगळी कादंबरी म्हणजे ही दोन माणसं एकाच खोलीत बसून एकमेकांशी बोलत नाहीत, त्याची गोष्ट आहे.

लग्न मोडलं कुणी? वडिलांनी की लेडी रसेलने?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक लोक दोघांना एकाच माळेत ओवतात तिथेच चूक होते.

वडिलांनी ‘नाही’ असं म्हटलेलंच नाही. सर वॉल्टरने फक्त भयंकर आश्चर्य दाखवलं, थंडपणा दाखवला, गप्प बसला, आणि मुलीसाठी मी काही करणार नाही एवढं जाहीर केलं. म्हणजे पैसे मिळणार नाहीत. त्याच्या दृष्टीने हे स्थळ घराण्याला बट्टा लावणारं होतं, आणि त्याचा नौदलावरच राग होता, कारण नौदलात कुणाचाही मुलगा वर चढतो आणि वर समुद्राच्या वाऱ्याने माणसाचा चेहरा खराब होतो. हे दोन्ही आक्षेप तो खरोखर मनापासून घेतो, त्याच्या डोक्यात माणसाची किंमत म्हणजे घराणं आणि रूप, बस्स. अ‍ॅनने आयुष्यात वडिलांच्या मताला फार किंमत दिलीय असं कुठे दिसत नाही. हा एकटाच विरोधात असता तर ती टिकून राहिली असती, असं कादंबरी जवळजवळ सांगूनच टाकते.

लेडी रसेलचं तसं नाही. ही अ‍ॅनच्या आईची जिवलग मैत्रीण, अ‍ॅनची धर्ममाता. १८०० साली आई गेली तेव्हा अ‍ॅन शाळकरी वयाची होती, तेव्हापासून तिच्यावर माया करणारं माणूस त्या घरात दुसरं नव्हतंच. लेडी रसेललाही घराण्याचा थोडा अभिमान आहे, पण तिची खरी भीती वेगळी होती. मुलगा गुणी असला तरी हातात पैसा नाही, ओळख नाही, वशिला नाही, धंदा असा की आज आहे तर उद्या समुद्राच्या तळाशी, आणि ही पोर १९ व्या वर्षी वाट बघत बसणार, काळजीने झिजणार. हा आक्षेप खोटा नव्हता हो. आणि तो प्रेमाने, हळू आवाजात, रोज रोज सांगितला गेला. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, पण आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

आणि तरीही शेवटचा घाव तिसराच आहे, तो लोकांच्या लक्षातून सुटतो. अ‍ॅनला असं पटलं की आपण मागे हटलो तर त्याचं भलं होईल, बायकोचं ओझं नसेल तर तो मोकळेपणाने पुढे जाईल. हे पटलं नसतं तर तिने त्याला सोडलंच नसतं, असं ऑस्टेन स्पष्ट लिहिते. म्हणजे तिने त्याच्यासाठीच त्याला सोडलं, आणि त्याला मात्र वाटलं की ही कच्च्या मनाची निघाली.

कायद्याने वडील लग्न थांबवू शकले असते का?

हो, काही काळ. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलामुलींना लायसन्स काढून लग्न करायचं तर पालकांची संमती लागायची, आणि चर्चमध्ये जाहीर घोषणा करून लग्न करायचं म्हटलं तर पालक उभं राहून हरकत घेऊ शकायचे. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता म्हणून तर पळून जाणारी जोडपी ग्रेटना ग्रीनला जायची. अ‍ॅन आणि वेंटवर्थ त्या वाटेला जाणारी माणसं नव्हती.

पण इथे एक तारीख लक्षात ठेवा. कादंबरीच्या पहिल्याच पानावर अ‍ॅनची जन्मतारीख दिलीय, ९ ऑगस्ट १७८७. म्हणजे ती २१ ची झाली ऑगस्ट १८०८ मध्ये. हे साल पुढे पुन्हा येणार आहे.

वेंटवर्थकडे तेव्हा खरंच काहीच नव्हतं?

खरंच नव्हतं. आणि त्यात थोडा दोष त्याचाही आहे, हे त्याच्या बाजूच्या वाचकांनी मान्य करायला हवं. त्याला नौदलात पैसा मिळाला होता पण आला तसा उडवला होता, शिल्लक शून्य. मात्र त्याला पक्की खात्री होती की आपण लवकरच श्रीमंत होणार, आपलं नशीब जोरावर आहे. अ‍ॅनला हा विश्वास मोहात पाडायचा. लेडी रसेलला तोच विश्वास बघून धडकी भरायची, कारण असा हसतखेळत बोलणारा, बेधडक माणूस तिला मुळात आवडायचाच नाही.

माझं स्वतःचं मत असं की आपल्यापैकी कुणाची मुलगी, भाची असती तर आपणही साधारण लेडी रसेलसारखंच बोललो असतो.

मग २५,००० पौंड आले कुठून?

प्राइझ मनीतून. हे नीट समजून घेतलं की कादंबरीचा अर्धा गुंता सुटतो.

युद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने शत्रूचं जहाज पकडून बंदरात आणलं, की जहाज आणि त्यातला माल विकून आलेली रक्कम पकडणाऱ्यांमध्ये वाटली जायची. आठ भाग करायचे. १८०८ पर्यंत त्यातले तीन भाग कॅप्टनच्या नावाचे, त्यातला एक तो ज्या अ‍ॅडमिरलच्या हुकुमाखाली असेल त्याला जायचा, उरलेले पाच अधिकारी आणि खलाशी यांच्यात. खलाशी शेकडो असायचे, त्यामुळे त्यांच्या हाती फार काही येत नसे, पण कॅप्टनला मात्र दोनचार चांगली जहाजं सापडली की तो आयुष्यभराचा निवांत. १८०८ मध्ये वाटणीचे नियम बदलले आणि कॅप्टनचा वाटा कमी झाला, तरी पगारापेक्षा प्राइझ मनीवरच सगळ्यांचा डोळा असायचा.

वेंटवर्थला लग्न मोडल्यानंतर लगेच, १८०६ मध्येच, ‘अ‍ॅस्प’ नावाचं जुनं खिळखिळं जहाज मिळालं, त्यावर त्याने शत्रूची खाजगी लुटारू जहाजं पकडली, एक फ्रेंच युद्धनौका पकडून प्लिमथला आणली. मग ‘लॅकोनिया’वर कॅप्टन झाला आणि तिच्यावर पैसा कसा भराभर जमला हे तो अपरक्रॉसला जेवणाच्या टेबलावर सांगतो. त्याच गप्पांत तो म्हणतो की मित्र हारव्हिलला माझ्यापेक्षा पैशाची जास्त गरज होती, कारण त्याला बायको होती. ते वाक्य ऐकत अ‍ॅन तिथेच बसलेली आहे, हे विसरू नका.

ऑस्टेनला हे जग घरबसल्या माहीत होतं. तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, नौदलात होते. फ्रान्सिस स्वतः सॅन डोमिंगोच्या लढाईत होता, आणि १८०१ मध्ये चार्ल्सने आपल्या प्राइझ मनीतून जेन आणि कॅसांड्रा या दोन्ही बहिणींसाठी सोन्याची साखळी आणि पुष्कराजाचा क्रॉस घेतला होता.

२५,००० म्हणजे आजचे किती रुपये?

असा हिशोब मला पटत नाही, कारण तेव्हा नोकर स्वस्त होते आणि मेणबत्त्या, कापड, चहा महाग. त्यापेक्षा व्याजावर बघा. तेव्हाची सभ्य घरं मुद्दलाला हात लावत नसत, सरकारी रोख्यांत पैसे ठेवून चार-पाच टक्क्यांवर जगत. २५,००० वर वर्षाला हजार ते साडेबाराशे पौंड येणार. ऑस्टेनच्याच १८११ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त शहाणी एलिनॉर म्हणते की वर्षाला हजार म्हणजे माझ्या लेखी श्रीमंती, आणि त्याच पुस्तकात साडेतीनशेवर संसार मांडायला ती आणि तिचा होणारा नवरा दोघंही कचरतात. यावरून अंदाज घ्या.

अ‍ॅनचे स्वतःचे पैसे नव्हते का? तो हुंडा होता का?

मुलीबरोबर पैसा यायचा हे खरं, पण आपल्याकडचा हुंडा डोक्यात ठेवून वाचलं तर गोंधळ होतो. तिथे मुलीच्या नावाची रक्कम बहुधा तिच्या आईवडिलांच्या लग्नाच्या वेळीच करारात बांधून ठेवलेली असायची, आणि ती पुष्कळदा आईवडील गेल्यावर हाती यायची. अ‍ॅनचा वाटा १०,००० पौंडांत आहे, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की बापाला आत्ता त्यातलाही थोडासाच भाग देता येतोय. मुलींच्या नावचे पैसेसुद्धा ज्याच्या हाताला लागत नाहीत अशी त्याची अवस्था. लग्न झाल्यावर बायकोची चीजवस्तू, रोख सगळं कायद्याने नवऱ्याचं, म्हणून करार करून ठेवायची धडपड असायची.

एवढा मोठा बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’ किताब असलेला, मग घर भाड्याने का द्यावं लागलं?

अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत म्हणून. बायको होती तोवर तिने खर्च आवरून धरला, ती गेली आणि कर्ज वाढत गेलं. इस्टेटीचा थोडाच भाग त्याला विकता येण्यासारखा होता, तो त्याने गहाण टाकलेला. लेडी रसेलने सात वर्षांत कर्ज फेडायचा आराखडा करून दिला, अ‍ॅनला तर त्याहून कडक उपाय हवा होता, कारण लोकांचे पैसे देणं तिला आधी महत्त्वाचं. सर वॉल्टरला प्रवास, लंडन, नोकर, घोडे, जेवणाचा थाट यातलं काहीच सोडवेना. मोठी मुलगी एलिझाबेथ हिने काटकसरीचे काय उपाय काढले तर गरिबांना दिला जाणारा दानधर्म कमी करायचा आणि दरवर्षी लंडनहून अ‍ॅनसाठी भेट आणायची ती बंद करायची. हे एक वाक्य वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. अख्ख्या घरात अ‍ॅनची जागा काय, ते त्यात आलं.

शेवटी केलिंच हॉल अ‍ॅडमिरल क्रॉफ्टला भाड्याने जातं, आणि त्याची बायको निघते वेंटवर्थची सख्खी बहीण. ज्या धंद्यातला जावई नको होता, त्याच धंद्यातल्या माणसाच्या पैशाने आता कर्ज फिटायचंय. ऑस्टेन यावर एक शब्द बोलत नाही, फक्त चाव्या क्रॉफ्टच्या हातात देते.

अ‍ॅनला दुसरी स्थळं आलीच नाहीत का?

आली. साधारण २२ ची असताना चार्ल्स मस्ग्रोव्हने मागणी घातली, मोठ्या जमीनदाराचा थोरला मुलगा, स्वभावाने बरा, घर केलिंचपासून तीन मैलांवर. लेडी रसेलला हे स्थळ मनापासून हवं होतं. अ‍ॅनने सल्ला न विचारताच नकार दिला आणि मग चार्ल्सने तिच्याच धाकट्या बहिणीशी, मेरीशी, डिसेंबर १८१० मध्ये लग्न केलं.

आणि मग घर भाड्याने दिल्यावर एलियट कुटुंब राहायला गेलं त्या बाथ शहरात मिस्टर विल्यम एलियट, नात्यातला आणि घराण्याचा वारस. दिसायला छान, बोलायला गोड, पुढे सर विल्यम होणार. लेडी रसेल या वेळीही भुलते, आणि अ‍ॅनला असं चित्र दाखवते की तू आईच्या जागी, आईच्या नावाने, केलिंचची लेडी एलियट होशील. क्षणभर अ‍ॅनही हलते. पण हा माणूस कधी मनातलं बोलत नाही, कधी चिडत नाही, कशाने भारावत नाही, सगळ्यांशी सारखाच छान वागतो, हे तिला खटकत राहतं. नंतर शाळेतली जुनी मैत्रीण मिसेस स्मिथ त्याचं खरं रूप सांगते. त्याने पहिलं लग्न निव्वळ पैशासाठी केलं होतं, मित्राला कर्जात ढकललं होतं, आणि आता बाथला आलाय तो मुख्यतः सर वॉल्टरने एलिझाबेथच्या विधवा मैत्रिणीशी, मिसेस क्लेशी, लग्न करून मुलगा होऊ देऊ नये, आपलं वारसपण जाऊ नये म्हणून. लेडी रसेल दोन्ही वेळा वागण्याबोलण्याच्या ढबीवरून माणूस ओळखायला गेली आणि दोन्ही वेळा चुकली, हे ती शेवटी कबूल करते. तो भाग लोक वाचत नाहीत नीट.

१८०८ चं नेमकं काय आहे?

माझ्यासाठी सगळी कादंबरी या एका सालात आहे.

तेविसाव्या प्रकरणात, सगळं जुळल्यानंतर, वेंटवर्थ विचारतो की ‘आठ’ साली मी काही हजार पौंड घेऊन इंग्लंडला आलो होतो, लॅकोनियावर नेमणूक झाली होती, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? आणि अ‍ॅन फक्त एवढंच म्हणते की, म्हणाले असते का! बस्स. पण त्या सुरातून त्याला सगळं कळतं.

विचार करा. १८०८ मध्ये त्याच्याकडे पैसा होता म्हणजे लेडी रसेलचा आक्षेप गळून पडला होता, आणि त्याच वर्षी अ‍ॅन २१ ची झाली म्हणजे वडिलांची संमती कायद्यानेही लागत नव्हती. अडवणारं कुणी उरलंच नव्हतं. ती तिकडे नौदलाच्या याद्या आणि वर्तमानपत्रं चाळून त्याची बढती, त्याची पकडलेली जहाजं शोधत होती. आणि त्याने पत्र लिहिलं नाही, कारण एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा विचारायचं नाही हा ताठा. तो स्वतः म्हणतो की मी विचार करत होतो, त्या बाईंपेक्षा माझा मोठा शत्रू कुणी होता का, तर होता, मीच. सहा वर्षांचा विरह वाचला असता.

म्हणून कुणी म्हणालं की घरच्यांनी आठ वर्षं वाया घालवली तर मी म्हणते दोन. उरलेली सहा त्याच्या अहंकाराने.

अ‍ॅन लेडी रसेलला माफ कशी करते? शेवटी ‘माझं बरोबरच होतं’ असं का म्हणते?

हे वाक्य वाचून भरपूर लोक पुस्तक मिटतात, आणि मी पण पहिल्या वाचनात चिडले होते. पण ती काय म्हणते ते शब्दाशब्दाने बघा. ती म्हणते की लेडी रसेल मला आईच्या जागी होत्या, तेव्हा त्यांचं ऐकलं हे बरोबर केलं, न ऐकता शब्द पाळत राहिले असते तर मन खात राहिलं असतं. आणि लगेच पुढे म्हणते की त्यांचा सल्ला चुकला नाही असं मी म्हणत नाही. तो सल्ला चांगला की वाईट हे पुढे काय घडतं त्यावरच ठरणार होतं. आणि मी स्वतः अशा परिस्थितीत कुणालाही असा सल्ला कधी देणार नाही.

म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या केल्या तिने: ऐकलं ते योग्य, सांगितलं ते चूक, आणि मी कुणाला सांगणार नाही. घरच्यांशी असलेल्या नात्याबद्दल इतकं नितळ बोलणं मी दुसऱ्या कादंबरीत फार कमी वाचलंय.

आणि चौथ्या प्रकरणात ती मनाशी म्हणतेच की लग्न लांबलं असतं, काळज्या असत्या, तरी तो शब्द मोडण्यापेक्षा तो पाळण्यात मी जास्त सुखी झाले असते, आणि हे पुढे त्याला पैसा मिळाला म्हणून म्हणत नाहीये.

मिस्टर एलियटबद्दल वेंटवर्थला शंका आली होती की ही पुन्हा कुणाच्या सांगण्याने हो म्हणेल. त्यावर तिचं उत्तर फार मोलाचं आहे. तेव्हा मी ऐकलं ते जपून राहायला सांगणाऱ्याचं, आणि कर्तव्य समजून. मनात नसलेल्या माणसाशी लग्न करण्यात कुठलं कर्तव्य आलं? त्यात तर सगळा धोकाच होता.

लग्न ठरवून वर्षानुवर्षं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

याचं उत्तर ऑस्टेनने कादंबरीतच वेंटवर्थचा नौदलातला मित्र बेन्विक आणि हारव्हिलची बहीण फॅनी यांच्या रूपात ठेवलंय. त्यांनी तेच केलं. एकदोन वर्षं पैसा आणि बढतीची वाट बघितली, पैसा आला, बढतीही आली, पण तो समुद्रावर असतानाच फॅनी वारली. त्याला कळवायला वेंटवर्थ स्वतः गेला आणि आठवडाभर त्याच्यापाशी राहिला.

आणि बाथच्या व्हाइट हार्ट हॉटेलातला तो प्रसंग आठवा. मिसेस क्रॉफ्ट आणि मिसेस मस्ग्रोव्ह बोलत बसल्यात की लांबलेली एंगेजमेंट फार वाईट, कधी लग्न करता येईल याचा पत्ता नसताना शब्द देणं शहाणपणाचं नाही, आईबापांनी ते होऊ देऊ नये. त्यांना कल्पनाच नाही की हे कुणाच्या कानावर पडतंय. वेंटवर्थची लेखणी थांबते, तो मान वर करतो आणि अ‍ॅनकडे एकदा बघतो. त्याची स्वतःची बहीण, जिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास, ती लेडी रसेलचंच म्हणणं बोलत असते.

ऑस्टेनच्या घरात हे घडलेलं होतं. कॅसांड्राचं टॉम फाउलशी लग्न ठरलं होतं, पैसे नव्हते म्हणून थांबले, तो पाद्री म्हणून वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्ये पिवळ्या तापाने गेला. तिच्यासाठी १,००० पौंड ठेवून गेला. तिने पुन्हा लग्न ठरवलं नाही.

जेन ऑस्टेनला स्वतःला कुणी मागणी घातली होती का?

हो. २ डिसेंबर १८०२ ला मॅनिडाउन इथे हॅरिस बिग-विदर या इस्टेटीच्या वारसाने. ती २६ ची, पैसा नाही, तिने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हणाली. पुढे पुतणी फॅनीला १८१४ मध्ये तिने लिहिलं की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं, आणि त्याच फॅनीला मार्च १८१७ मध्ये लिहिलं की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयानक खोड असते, लग्नाच्या बाजूने हा फार मोठा मुद्दा आहे. दोन्ही वाक्यं तिची, आणि दोन्ही खरी. या दोहोंच्या मधे ही कादंबरी आहे.

या पुस्तकात एकही घर नीट वागत नाही का?

वागतं, मस्ग्रोव्हांचं. हेन्रिएटाला मावसभाऊ चार्ल्स हेटर आवडतो, साधा क्युरेट, म्हणजे कनिष्ठ पाद्री, घर विन्थ्रपचं, तोलामोलाचं नाही म्हणून मेरी नाक मुरडते. आईबाप मुलीचं मन बघतात आणि लग्न ठरवतात. अ‍ॅन त्यांच्याबद्दल बोलताना म्हणते की असे आईबाप मिळणं केवढं भाग्य, ज्यांना मोठेपणाची हाव नाही. ती हे चार्ल्स मस्ग्रोव्हसमोर अगदी सहज बोलते, पण तिच्या घराचा विचार केला की ते वाक्य टोचतं.

लुइझाच्या पडण्याचा या सगळ्याशी काय संबंध?

अ‍ॅनच्या ‘कच्च्या मनाचा’ राग धरून वेंटवर्थ ठाम मनाची मुलगी शोधत असतो, लुइझाला सांगतो की माणसाने घट्ट राहावं. मग लाइम या समुद्रकाठच्या गावच्या धक्क्यावर, तिथे त्याला कॉब म्हणतात, ती पायऱ्यांवरून त्याच्या हातात उडी मारायचा हट्ट धरते, तो नको म्हणतो, ती ऐकत नाही आणि पडून बेशुद्ध होते. सगळे गोंधळतात, फक्त अ‍ॅनचं डोकं शांत असतं. हट्ट आणि ठामपणा यातला फरक त्याला त्या दिवशी दिसला.

शेवटाकडे वेंटवर्थ अ‍ॅनला लिहितो ते प्रसिद्ध पत्र ऑस्टेनला आधीपासून सुचलं होतं का?

नाही! तिने ऑगस्ट १८१५ मध्ये लिहायला घेतलं, जुलै १८१६ मध्ये शेवट लिहिला, तो तिला आवडला नाही आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा लिहिला. खोडलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थला अ‍ॅनकडे विचारायला पाठवतो की तुम्ही मिस्टर एलियटशी लग्न करून केलिंचला राहायला येणार असाल तर आम्ही घर सोडतो, आणि त्यातून उलगडा होतो. म्हणजे तिथेही घर आणि भाडेकरारच. नव्या शेवटात अ‍ॅन कॅप्टन हारव्हिलशी बोलते, आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं हे बायकांच्या वाट्याला आलंय असं म्हणते, आणि तिथेच टेबलाशी बसलेला वेंटवर्थ ते ऐकता ऐकता पत्र लिहितो की मी अर्धा वेदना, अर्धा आशा झालोय. दुसऱ्या कुणी मध्यस्थी करण्याची गरजच उरत नाही. पहिल्या वेळी तिच्या वतीने सगळे बोलले, या वेळी ती स्वतः बोलली.

मग घरच्यांनी शेवटी मान्य केलं?

कुणी अडवलंच नाही. २५,००० पौंड म्हटल्यावर वेंटवर्थ आता ‘कुणी नाही’ राहिला नव्हता. सर वॉल्टरने त्याला दिवसाउजेडी नीट बघितलं, रूप पसंत पडलं, नावही भारदस्त वाटलं, आणि बॅरोनेट घराण्यांची माहिती असलेल्या आपल्या लाडक्या पुस्तकात लग्नाची नोंद करायला त्याने खुशीने लेखणी उचलली. एलिझाबेथ थंडच. लेडी रसेलला मात्र खरे कष्ट पडले, कारण आपलं चुकलं हे मान्य करून नव्याने माणूस ओळखायला शिकायचं होतं. ती ते करते. वेंटवर्थही तिला हळूहळू क्षमा करतो.

अ‍ॅनला मनातून लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पैसा कमी आहे त्याचं तिला दुःख नाही, पण त्याची बहीण-मेव्हणे त्याच्यासोबत इतके मायेने आलेत, आणि आपल्याकडून त्याला आपलं म्हणावं असं एकही घरचं माणूस देता येत नाही. दोन मैत्रिणी आहेत फक्त, लेडी रसेल आणि मिसेस स्मिथ. मिसेस स्मिथची वेस्ट इंडीजमधली अडकलेली मालमत्ता सोडवायला वेंटवर्थ मदत करतो.

शेवट सुखी आहे ना?

आहे, पण तारखा बघा. गोष्ट संपते १८१५ च्या सुरुवातीला, नेपोलियन एल्बा बेटावर हद्दपार, सगळीकडे शांतता, म्हणून तर हे सगळे नौदलवाले घरी आहेत. २६ फेब्रुवारी १८१५ ला तो एल्बाहून निसटला, आणि जूनमध्ये वॉटर्लू झालं. कादंबरी बाहेर आली डिसेंबर १८१७ मध्ये, ऑस्टेन जाऊन पाच महिने झाले होते, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं पुढे काय झालं. शेवटच्या ओळींत ती लिहिते की अ‍ॅनला खलाशाची बायको असल्याचा अभिमान होता, आणि त्यासाठी युद्धाच्या बातमीने दचकत राहण्याचा कर तिला भरावा लागणार होता. लेडी रसेलला १८०६ मध्ये जी भीती वाटत होती तीच ही. आता अ‍ॅन ती स्वतःच्या मर्जीने घेते.